खारीच्या ताटलीत फळं: मार्च ते सप्टेंबर २०२५च्या नोंदी

२ मार्च २०२५, रविवार

खारी आमची कुत्री, चार वर्षांची, गावठी, नसबंदी झालेली. बेकरीच्या पायरीवर सापडली म्हणून हे नाव. आजचं वजन १८.४ किलो (तिला उचलून काट्यावर उभी राहते आणि माझं वजन वजा करते).

जानेवारीपासून पाकिटातलं खाणं हुंगते आणि निघून जाते. रक्त-लघवीच्या तपासण्या केल्या, १,८०० रुपये गेले, सगळं ठीक निघालं. डॉक्टर म्हणाल्या, घरचं द्यायला हरकत नाही, पण अंदाजपंचे नको. मी इंटरनेटवरून उतरवलेल्या तीन पाककृती घेऊन गेले होते. त्यांनी त्या वाचल्यासुद्धा नाहीत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या पशुवैद्यकांनी २०१३ साली कुत्र्यांच्या घरगुती जेवणाच्या २०० पाककृती तपासल्या होत्या. त्यातल्या ९५ टक्क्यांत कुठला ना कुठला आवश्यक घटक कमी निघाला, आणि त्यातल्या बऱ्याचशा पशुवैद्यकांनीच लिहिलेल्या होत्या. डॉक्टरांनी हे सांगून माझी वही ओढली आणि स्वतः लिहून दिलं.

रोजचं, दोन वेळांत मिळून: शिजवलेला भात २५० ग्रॅम, शिजवलेलं बिनहाडांचं चिकन २३० ग्रॅम, एक उकडलेलं अंडं, लाल भोपळा १०० ग्रॅम, चहाचा एक चमचा तेल. साधारण ९०० कॅलरी. शिवाय जीवनसत्त्वं आणि जस्त-आयोडीन वगैरेंची पावडर, आणि कॅल्शियमसाठी अंड्याच्या टरफलाची पूड, चहाचा अर्धा चमचा. मीठ, कांदा, लसूण अजिबात नाही.

फळं द्यायची का? हो, पण कॅलरीच्या दहा टक्क्यांपर्यंत. म्हणजे ९०. एका वेळी एकच नवं फळ, चार दिवस, आधी दोन चमचे. शी बघायची आणि मगच पुढचं.

स्वयंपाकघरासाठी डिजिटल काटा घेतला, ४५० रुपये. फ्रिजवर यादी चिकटवली. काय नाही: द्राक्षं, कांदा, लसूण, चॉकलेट, अॅव्होकॅडो. आमच्या घरी अॅव्होकॅडो आजवर आलेलं नाही, तरी लिहिलं.

५ मार्च, बुधवार

टरफलाच्या पुडीत पूर्ण संध्याकाळ गेली. टरफलं धुऊन वाळवली आणि मिक्सरला लावली. पूड रव्यासारखी झाली. खारीने भात-चिकन चाटूनपुसून खाल्लं आणि तळाशी पांढरी कचकच शिस्तीत शिल्लक ठेवली.

दुसऱ्यांदा केलं ते असं: टरफलं दहा मिनिटं उकळली, तव्यावर मंद आचेवर पूर्ण कोरडी केली, चटणीच्या लहान भांड्यात फिरवली आणि मैद्याच्या चाळणीने चाळली. वर राहिलेलं पुन्हा फिरवलं. बोटांत चोळल्यावर टाल्कम पावडरसारखं लागलं पाहिजे. बारा टरफलांची लहान बरणी भरली. चटणीच्या भांड्याला आतून चरे पडले, ते सासूबाईंना अजून दिसलेले नाहीत.

९ मार्च, रविवार

पहिलं फळ केळं. दोन चमचे कुस्करून भातात. ताटली आधी उजवीकडून, मग डावीकडून चाटली. चार दिवस बघायचं.

मध्यम आकाराच्या एका केळ्यात शंभराच्या आसपास कॅलरी. म्हणजे एक अख्खं केळं दिलं की तिचा दिवसभराचा फळांचा वाटा संपून वर उधारी. हे काट्यावर ठेवून बघेपर्यंत माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. पाव केळं बास.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. काल पुरणपोळ्या होत्या. सकाळी कळलं की सासूबाईंनी रात्री खारीला अर्धी पोळी आणि त्यावर कटाची आमटी घातली. सणाच्या दिवशी मुक्या जनावराला कोरडा भात कसा घालायचा, हा त्यांचा प्रश्न. आमटीत कांदा-लसूण नव्हता, म्हणून मी फार बोलले नाही. खारी ठीक आहे.

१९ मार्च, बुधवार

केळं पास. पपईत मी माती खाल्ली.

दोन चमच्यांचा नियम मलाच कंटाळवाणा वाटायला लागला होता. पपई गोड निघाली आणि खारी शेपटीने कपाट बडवत होती, म्हणून वाटीभर दिली. रात्री अडीच वाजता दारावर ओरखडे. मग सव्वातीन. मग पाच. शी पिवळी, पातळ, पपईच्या तंतूंसकट. दोन दिवस नुसता मऊ भात आणि चिकन, फळ बंद. चौकशी केली तर डॉक्टर हसल्या, औषध दिलं नाही. पपई वाईट नाही, वाटी वाईट.

(नंतर जोडलेलं) २४ तारखेपासून पुन्हा, दोन चमचे, साल आणि बिया काढून. काही झालं नाही. हल्ली ४०-५० ग्रॅम देते.

६ एप्रिल, रविवार

चिकू. घोलवडचे म्हणून घेतले, विकणाऱ्याच्या शब्दावर. चिकूच्या बीला एका टोकाला बारीकसा आकडा असतो, तो घशात अडकू शकतो, त्यामुळे फोड कापून बघण्यापेक्षा चिकू हातानेच कुस्करायचा. मी तीन चिकूंतून बिया काढून ओट्यावर ओळीने मांडल्या: चार, तीन, पाच. चिकूत किती बिया आहेत हे आधी माहीत नसतं, म्हणून मोजण्याचा काही उपयोग नाही. बोटांनी चाचपणं हाच उपाय. गर ३० ग्रॅमच देते, कारण हे फळ चांगलंच गोड.

सफरचंदही याच पद्धतीने गाभा काढून. बिया चावल्या गेल्या तर त्यातून सायनाइड तयार होतं. दोन-चार बियांनी एवढ्या मोठ्या कुत्र्याला काही होत नाही, पण काढायला दहा सेकंद लागतात.

२० एप्रिल, रविवार

सांगलीत घराबाहेर पाऊल टाकवत नाही. कलिंगडाचे बिया काढलेले तुकडे बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवले. शंभर ग्रॅमला ३० कॅलरी, त्यामुळे इथे हात सैल सोडता येतो. आतापर्यंतचा सगळ्यात यशस्वी प्रयोग. खारी एक तुकडा घेऊन न्हाणीघराच्या गार फरशीवर जाते आणि पुढच्या दोन पंज्यांत धरून दहा मिनिटं चाटत बसते.

चूक: सालं कचऱ्याच्या बादलीत उघडी टाकली. तिने त्यातला हिरवा भाग ओरबाडला आणि दुपारी ओकली. झाकणाची बादली, ३८० रुपये.

३ मे, शनिवार

आंबा. नवरा म्हणाला, हापूस कुत्रीला? मी म्हटलं, पेटी दारात आल्यापासून तीच तिच्याशेजारी झोपते आहे, आता तूच सांग तिला. सालाशिवाय, कोयीपासून लांबचा गर, ४० ग्रॅम. साल देत नाही, चीक असतो आणि पचतही नाही. शी व्यवस्थित.

९ मे, शुक्रवार

कोय. पुतण्याने चोखून ओट्यावर ठेवली, खारीने पुढचे पाय ओट्यावर टेकून उचलली आणि पलंगाखाली. आंब्याची कोय कुत्र्याने गिळली तर ती आतड्यात अडकू शकते आणि मग बहुधा ऑपरेशनच. मी आधी ओरडले, मग पाय धरून ओढायला गेले. परिणाम उलटा, तिने जबडा आणखी आवळला. शेवटी फ्रिजमधून चिकनचे तीन तुकडे आणले, लांबून एकेक फेकला. तिसऱ्याला कोय तोंडातून सुटली.

हे लिहून ठेवते आहे, कारण उपयोगी आहे: मागे लागायचं नाही, सौदा करायचा. ज्याला तोंडातून हिसकावून घेतलं जातं, तो पुढच्या वेळी गिळून मोकळा होतो.

१२ मे, सोमवार

वैशाख पौर्णिमा. घरी सत्यनारायण होता.

नवऱ्याच्या मामांचं तासगावला बेदाण्याचं शेड आहे. दरवर्षी एप्रिलमध्ये पाच किलोची पिशवी येते, त्यामुळे आमच्याकडे शिऱ्यात बेदाणे सढळ हाताने पडतात. प्रसादाच्या वेळी चार-पाच मुलं पंगतीला बसली होती. मुलांना शिऱ्यातले बेदाणे आवडत नाहीत, तुपात फुगून ते मऊ, गुळगुळीत होतात. त्यांनी ते वेचले आणि टेबलाखाली सारले. टेबलाखाली खारी.

मी बघितलं तेव्हा ती द्रोण चाटत होती. मुलांना विचारलं, किती दिले? एक म्हणाला, मी फक्त माझेच दिले. प्रत्येकाने फक्त आपलेच दिले होते.

बेदाणा म्हणजे वाळवलेलं द्राक्ष हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? या जिल्ह्यात राहते मी. फ्रिजवर माझ्याच अक्षरात "द्राक्षं" लिहिलेलं आहे. पण शिरा ढवळताना मी समोर उभी असूनही डोक्यात घंटा वाजली नाही. शिरा हा शिरा असतो, त्यात द्राक्ष दिसत नाही.

जवळच्या एका दवाखान्यात फोन केला. तिकडून उत्तर: चार बेदाण्यांनी काय होतंय, ताक पाजा. शेजारच्या काकूंनी मिठाचं पाणी पाजायला सांगितलं, म्हणजे उलटी होईल. यातलं काहीही न करता रिक्षा केली आणि आमच्या डॉक्टरांकडे गेलो. खाल्ल्यापासून पोहोचेपर्यंत ४५ मिनिटं. मिठाच्या पाण्याचं त्यांच्या कानावर घातलं तेव्हा त्या आवाज चढवून म्हणाल्या, पाजलं नाही ना? मिठानेही कुत्रं दगावतं.

इंजेक्शन देऊन उलटी करवली. मी हातमोजे मागून घेतले आणि मोजले. सतरा. पाणी शोषून टम्म झालेले, फिकट हिरवे, जवळजवळ पुन्हा द्राक्षं झालेले. पोटात आणखी किती होते कोण जाणे. मग कोळशाचं औषध, पायात सुई, सलाईन.

किती बेदाणे चालतात याचा आकडा नाही, हे डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. काही कुत्री मूठभर खाऊन ठणठणीत राहतात, काहींची थोड्याशा बेदाण्यांनीही मूत्रपिंडं जातात. आपलं कुत्रं कुठल्या गटातलं हे आधी कळत नाही. मूत्रपिंडाचं नुकसान एक ते तीन दिवसांत दिसतं, म्हणून आज ती उड्या मारते आहे याला अर्थ नाही.

१३ ते १५ मे

सकाळ-संध्याकाळ सलाईन, मधे घरी, सुई पायातच. क्रिएटिनिन (रक्तातला हा आकडा वाढला तर मूत्रपिंडं बिघडली समजायचं): १३ला ०.९, १४ला १.०, १५ला ०.९. तिन्ही वेळा कागद हातात येईपर्यंत मी बाकावर न बसता उभीच होते. लघवी नीट होते आहे. तीन दिवस प्रत्येक लघवीची वेळ कागदावर लिहिली, शेवटी तीच माझ्याकडे संशयाने बघायला लागली.

खर्च: उलटी, सलाईन, तीन तपासण्या, रिक्षा मिळून ७,३५० रुपये. दोन दिवस रजा.

१८ मे, रविवार

आज पुन्हा तपासणी, सगळं ठीक. पण दोन गोष्टी निघाल्या.

पहिली, चिंच. द्राक्षांत नेमकं विष काय हे बरीच वर्षं कळत नव्हतं. अमेरिकेतल्या एएसपीसीए या संस्थेच्या विषतज्ज्ञांनी २०२१ साली टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. एका कुत्र्याने घरी केलेली खेळायची कणीक खाल्ली होती. त्यात क्रीम ऑफ टार्टर, म्हणजे टार्टारिक आम्लापासूनच होणारी बेकिंगची पूड होती आणि त्याचीही मूत्रपिंडं द्राक्षं खाल्ल्यासारखीच बिघडली. टार्टारिक आम्ल चिंचेतही भरपूर असतं. डॉक्टर म्हणाल्या, चिंचही बंद.

घरी येऊन वही मागे उलटली. १४ मार्च. कटाची आमटी. "कांदा-लसूण नव्हता, म्हणून मी फार बोलले नाही." चिंचेच्या कोळाशिवाय कटाची आमटी होते का? पोटात गोळा आला. थोडीच होती, पोळीत मुरलेली, निभावलं.

दुसरी, वजन. १९.७. अडीच महिन्यांत १.३ किलो. कारण माझं गणित. दहा टक्के फळं ९०० कॅलरीच्या आत बसवायची होती, मी ती वरून देत होते. भात तेवढाच, चिकन तेवढंच, वर ९० ची फळं, शिवाय घरातल्या प्रत्येकाचा आपापला प्रेमाचा तुकडा. आता भात २५० वरून १८० ग्रॅम. ७० ग्रॅम भात म्हणजे ९० कॅलरी, हिशेब जुळतो. ज्या दिवशी फळ नाही त्या दिवशी भात पूर्ण.

फ्रिजवरची यादी मी फाडली. नवी लिहायला बसले तर सासूबाई म्हणाल्या, तू फळांची नावं लिहितेस, आम्ही काय फळं रांधतो का? आण इकडे. आणि त्यांनी पदार्थांची यादी केली. शिरा. खीर. खिरापत. मोदकाचं सारण. चिवडा. आमटी, सगळ्या. भेळ. चिंचगुळाची चटणी. वरण चालेल, पण फोडणीआधीचं. त्या यादीत द्राक्षं सगळ्यात शेवटी आली. चिवड्यात बेदाणे असतात हे माझ्या कधीच लक्षात आलं नसतं.

बेदाण्याची पिशवी आता वरच्या फळीवर, स्टीलच्या डब्यात.

२२ जून, रविवार

वजन १९.१. नवीन काही नाही. आंबे संपले, केळी आणि पपई चालू. रविवारी दोन तास घालवून आठवड्याचं चिकन शिजवते, तीन दिवसांचं फ्रिजमध्ये, बाकीचं फ्रीजरमध्ये, एकेका दिवसाच्या डब्यांत. फळ मात्र आयत्या वेळी. कापून ठेवलेल्या चिकूला दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो आणि तो तिला लगेच कळतो.

महिन्याचा खर्च: चिकन ३,०००, अंडी २१०, तांदूळ-भोपळा-तेल ३५०, पावडर ५००, फळं ४०० च्या आसपास, कारण आमच्याचसाठी आणलेल्यातून निघतं. पाकिटापेक्षा स्वस्त पडेल असं समजून कुणी करायला जाऊ नये.

२० जुलै, रविवार

डाळिंब, आटपाडीचं. दाणे जसे आत गेले तसे दुसऱ्या दिवशी बागेत, लाल रंग तेवढा उतरलेला. नापास.

२४ ऑगस्ट, रविवार

बाजारात सीताफळं आली. बिया विषारी, त्या चावल्या जाता कामा नयेत. तरी म्हटलं, गर काढून बघू. पंचवीस मिनिटं बसले. एका सीताफळातून ४३ बिया आणि तीन चमचे गर. तो गर चाळणीवर पुन्हा दाबला तर चव्वेचाळिसावी निघाली. गर मी खाल्ला. सीताफळ या घरात खारीसाठी नाही.

२७ ऑगस्ट, बुधवार

गणपती बसले. यंदाच्या सारणात बेदाणे नाहीत, सासूबाईंनी आपणहून काढले, खारकेची पूड वाढवली. आरतीला येणारी खिरापत मात्र शेजाऱ्यांकडची, तिच्यावर आपला ताबा नाही. म्हणून आरतीच्या वेळी खारी आतल्या खोलीत, दाराला कडी, सोबत गोठवलेलं सफरचंद. झांजांचा आवाज तिला तसाही सहन होत नाही. पुतण्याकडे जबाबदारी दिली आहे: आलेल्या प्रत्येक मुलाला दारातच सांगायचं. तो म्हणाला, त्या वेळी मी फक्त माझेच दिले होते. मी म्हटलं, माहितेय.

७ सप्टेंबर, रविवार

वजन १८.५. काल विसर्जन झालं, अकरा दिवसांत एकही भानगड नाही.

सध्या चालू असलेलं, एका दिवशी एकच: केळं पाव, किंवा पपई ५०, किंवा सफरचंद ६०, किंवा चिकू ३० ग्रॅम. कलिंगड उन्हाळ्यात १०० पर्यंत. ९० कॅलरींपर्यंत मी हल्ली जातच नाही, तिसऱ्या हिश्श्यावरच ती खूश असते.

पेरू राहिला आहे. साल आणि बियांचा गाभा काढून, नुसता गर द्यायचा. पावशेर आणलेत, उद्या सकाळी दोन चमचे.